लहान मुलांच्या घरात कुत्रा आणायचा असेल तर

"मुलांसाठी चांगली जात कोणती गं?" हा प्रश्न मला वर्षातून दहा-बारा वेळा तरी येतो. विचारणाऱ्याच्या मनात उत्तर बहुतेक वेळा ठरलेलं असतं, लॅब्राडॉर, आणि माझ्याकडून फक्त होकार हवा असतो. तो मी लगेच देत नाही, म्हणून थोडी नाराजीही पत्करते. माझ्या घरी आतापर्यंत चार कुत्री झाली, त्यातली दोन घरात लहान मूल असतानाची. ओळखीत कोणी कुत्रा आणायचं काढलं की मला सोबत न्यायची आता रीतच पडली आहे. एवढ्या वर्षांत माझ्यापुरतं एक पक्कं झालंय, की जात चौथ्या नंबरला येते. तिच्याआधी तीन गोष्टी ठरवायच्या असतात आणि तिच्यानंतर त्याहून मोठी गोष्ट उरते, ती म्हणजे तुमच्या समोर उभा असलेला तो एक कुत्रा.

त्याच्यात बघायचं काय? दचकल्यावर तो किती लवकर सावरतो ते. मुलं पडतात, किंचाळतात, झाकणं आपटतात, शेपटीवर पाय देतात. न दचकणारा कुत्रा कुठेच मिळत नाही. दचकून झालं की अंग झटकून पुन्हा आपल्या उद्योगाला लागणारा मात्र मिळतो. खालच्या सगळ्या पायऱ्या तो शोधण्यासाठी आहेत.

पहिली पायरी: कुत्रा कोणाचा, ते ठरवा

मुलं हट्ट करतात म्हणून कुत्रा आणायला माझी हरकत नाही. मुलं सांभाळतील म्हणून आणू नका. सात वर्षांचं मूल "मी रोज फिरवीन, देवाशप्पथ" म्हणतं तेव्हा ते अगदी मनापासून बोलत असतं. पण तिसऱ्या आठवड्यात बाहेर पाऊस असतो, दुसऱ्या दिवशी परीक्षा असते, आणि पट्टा आपोआप मोठ्यांच्या हातात येतो. मध्यम चणीचा कुत्रा बारा-तेरा वर्षं जगतो, लहान चणीचा पंधराही गाठतो. आज चार वर्षांचं असलेलं मूल शिकायला घराबाहेर पडेल, तेव्हा तो म्हातारा तुमच्याच पायाशी घोरत असेल.

एक कागद घ्या. पहाटे बाहेर नेणं, दोन वेळचं खाणं, केस विंचरणं, डॉक्टरकडे नेणं, रात्रीचं उठणं, गावाला गेल्यावरची सोय, अशी कामं एकाखाली एक लिहा आणि प्रत्येकासमोर नाव घाला. मुलाचं नाव आलं असेल तर ते खोडा. सगळीकडे एकच नाव दिसत असेल (बहुतेक घरांत ते आईचं असतं), तर त्या व्यक्तीला बाकीचे नसताना एकटीला विचारा, तुला हवाय का कुत्रा? तिचं "बघू" म्हणजे नाही, असं धरा.

रात्रीच्या उठण्याचं जरा सविस्तर सांगते, कारण तिथेच लोक फसतात. पिल्लू जितक्या महिन्यांचं, साधारण तितके तास ते लघवी धरू शकतं, असा एक ढोबळ हिशेब आहे. म्हणजे दोन महिन्यांच्या पिल्लाला दर दोन तासांनी बाहेर न्यायचं. रात्री शांत झोपलं तर जरा जास्त वेळ जातो, पण पहिले काही आठवडे मध्यरात्री एक-दोनदा उठणं चुकत नाही. घरात तान्हं बाळ असेल तर तुम्ही तसेही जागेच असता. त्यात आणखी एक बाळ.

दुसरी पायरी: मुलांचं वय

घरातलं सगळ्यात धाकटं मूल पाच-सहा वर्षांचं होईपर्यंत थांबा, असं मी सांगते. त्याआधी कुत्रा आणून छान निभावलेली घरं मी पाहिली आहेत, पण तिथे दिवसभर लक्ष ठेवायला एक मोठं माणूस मोकळं होतं.

वय महत्त्वाचं का, ते सांगते. लहान मुलांना होणारे कुत्र्याचे चावे बहुतेक करून घरात किंवा ओळखीच्या घरी होतात, ओळखीच्या कुत्र्याकडून होतात, आणि पुष्कळदा चेहऱ्यावर होतात. दोन-तीन वर्षांच्या मुलाचा चेहरा कुत्र्याच्या तोंडाच्याच उंचीवर असतो. शिवाय त्या वयाचं मूल प्रेम दाखवायला गळ्यात पडतं, तोंडाला तोंड लावतं, झोपलेल्याला उठवतं. माणसांत हे लाड झाले, कुत्र्यांच्या जगात ही धसमुसळी. गुरगुरणं म्हणजे "लांब हो" हे पाच वर्षांच्या मुलाला शिकवता येतं. दोन वर्षांच्या मुलाला ते गमतीचा आवाज वाटतं.

याच पायरीवर अॅलर्जीचंही उरकून घ्या. "केस न गळणाऱ्या जातीची अॅलर्जी होत नाही" हे विकणाऱ्यांचं वाक्य आहे. त्रास होतो तो कुत्र्याच्या लाळेतल्या, कातडीच्या कोंड्यातल्या आणि लघवीतल्या प्रथिनांमुळे, आणि ती प्रत्येक कुत्र्यात असतात. मुलाला दमा असेल किंवा सतत शिंका येत असतील तर आधी त्याच्या डॉक्टरांशी बोला. मग कुत्रा असलेल्या एखाद्या घरी मुलाला चार-पाच वेळा दोन-दोन तास घेऊन जा. एकदा जाऊन समजत नाही.

तिसरी पायरी: पिल्लू की मोठा?

मुलांच्या घरात पिल्लूच आणायचं, दोघं एकत्र वाढतात, मग जीव लावतात, हे सगळीकडे ऐकायला मिळतं. दोघं एकत्र वाढतात हे खरं, पण एक जण दुसऱ्याला दाताने ओढत वाढतो.

पिल्लाचे दुधाचे दात सुईसारखे असतात. चार ते सात महिन्यांत ते पडून पक्के दात येतात, आणि तेवढ्या काळात ते दिसेल ते चावतं. पळणारी पावलं, फ्रॉकचा घेर, सुटलेली नाडी यांत त्याला फार रस. मूल ओरडून हात वर करून पळतं, पिल्लाला वाटतं खेळ रंगला, ते उडी मारतं. आठवडाभरात मूल सोफ्यावर चढून बसलेलं असतं आणि "याला परत द्या" म्हणत असतं. यात कोणाचा दोष नाही. पण हे महिने निभवायचे असतात याची कल्पना आणण्याआधी कोणी देत नाही.

मग सहा-आठ महिन्यांनंतर कुत्र्याचं अडनिडं वय सुरू होतं. दीड वर्षापर्यंत शरीर मोठ्याचं आणि डोकं पोराचं. शिकवलेलं विसरल्यासारखा वागतो, पट्टा ओढतो, पाहुण्यांवर उड्या मारतो. "आता आम्हाला जमत नाही, कोणी घेईल का" असे फोन मला येतात ते बहुतांशी याच वयातल्या कुत्र्यांबद्दल.

दुसऱ्या बाजूला, दोन-तीन वर्षांचा कुत्रा म्हणजे तयार पुस्तक. त्याचा आकार, केस, भूक, अंगातली रग, मुलांशी वागणं, सगळं समोर दिसतं. त्यातही तो आधी मुलं असलेल्या घरात राहिलेला असेल तर सोन्याहून पिवळं. पहिल्यांदाच कुत्रा आणणाऱ्या, दोन्ही पालक कामाला जाणाऱ्या, लहान मुलांच्या घराला मी असाच कुत्रा सुचवते, आणि दहातले आठ जण तरीही पिल्लूच आणतात. पिल्लू दिसतं तसं गोड असतं, त्यापुढे माझं काय चालणार.

पिल्लूच हवं असेल तर एक काळ ध्यानात ठेवा. साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बारा-चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लाचा मेंदू जगाची यादी करत असतो. माणसं, मुलं, छत्री, मिक्सर, म्हातारीची काठी, जे जे तेव्हा बिनधोक भेटेल ते ओळखीच्या खात्यात जातं. त्या आठवड्यांत ज्याने एकही मूल पाहिलं नाही, त्याला पुढे मूल म्हणजे वेडंवाकडं चालणारा, चिरक्या आवाजाचा, भलताच प्राणी वाटू शकतो. पण म्हणून त्याला पाचव्या आठवड्यात आईपासून तोडून आणू नका. आठ आठवडे तरी ते आईजवळ आणि भावंडांत राहायला हवं. किती जोरात चावलं की समोरचा केकाटतो आणि खेळ थांबतो, हा धडा भावंडंच देतात.

आणि दोन पिल्लं एकदम नकोत. ती एकमेकांत इतकी रमतात की माणसांकडे बघायला त्यांना फुरसत होत नाही.

चौथी पायरी: आता जात

जात म्हणजे कुत्र्याच्या पूर्वजांनी केलेलं काम. ते काम तुमच्या घरात कोणत्या रूपात उगवेल, एवढं ओळखता आलं की झालं.

लॅब्राडॉर आणि गोल्डन रिट्रीव्हर शिकाऱ्याने पाडलेले पक्षी तोंडात अलगद धरून आणून द्यायचे. म्हणून तोंड मऊ, माणसाचं ऐकायची हौस आणि स्वभाव लाघवी. म्हणून यांची शिफारस होते, आणि ती चुकीची नाही. पण पंचवीस-तीस किलोचा आडदांड तरुण लॅब्राडॉर आनंदाच्या भरात तीन वर्षांच्या मुलाला सहज लोळवतो. दुसरं म्हणजे त्यांची भूक. केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ साली दाखवून दिलं की साधारण चारांतल्या एका लॅब्राडॉरच्या एका जनुकात तुकडा गळालेला असतो आणि तसल्या कुत्र्यांना खाण्याचा सोस जास्त असतो. हातात बिस्किट घेऊन रांगणारं मूल आणि असा लॅब्राडॉर ही जोडी मुलाच्या नव्हे, कुत्र्याच्या फायद्याची असते. घेताना आईवडिलांच्या खुब्याच्या सांध्याचे एक्स-रे काढलेत का ते विचारा. या जातींत खुब्याचा सांधा नीट न बसण्याचा आजार बराच आढळतो.

बीगल मुलांच्या घरात छान रुळतो. दहा-बारा किलोचा, दणकट, टोळीत राहून सशांची शिकार करणारा, त्यामुळे गर्दी-गोंगाटाचं त्याला वावडं नाही. पण नाक जमिनीला लागलं की कान बंद. मुलांनी दार उघडं टाकलं की हा वासाच्या मागे तीन गल्ल्या पार. आणि एकटा राहिला की गळा काढतो, शेजाऱ्यांशी संबंध कसे आहेत ते तपासून घ्या.

बॉर्डर कोली आणि मेंढ्या हाकणाऱ्या बाकीच्या जाती अतिशय हुशार. मेंढ्या नसल्या की त्या मुलं हाकतात. अंगणात पळणाऱ्या पोरांना घेराव घालायचा, टाचांना दात लावून वळवायचं, हे त्यांना कोणी शिकवावं लागत नाही. जर्मन शेफर्डमध्येही हा अंश आहे. रॉटवायलर, डॉबरमन घरच्या मुलांवर जीव टाकतात, प्रश्न येतो तो मुलांच्या मित्रांचा. दोन पोरं गादीवर कुस्ती खेळत असतात, आणि आपल्या पोरावर कोणीतरी बसलंय एवढंच राखणदाराला दिसतं. पहिल्यांदा कुत्रा पाळणाऱ्याने या वाटेला जाऊ नये. हस्की मैलोन्मैल बर्फावर गाडी ओढणारा आहे, दाट दुहेरी केसांचा. निळ्या डोळ्यांवर भाळून आणणाऱ्यांना मी हात जोडते.

"मुलं लहान आहेत, कुत्राही छोटाच बघू" हा विचार उलटा आहे. चिवावा, छोटा पॉमेरेनियन यांच्या पुढच्या पायांची हाडं काडीसारखी असतात. मुलाच्या मांडीवरून उडी मारली तरी मोडतात. आपण नाजूक आहोत हे त्यांना कळत असतं, म्हणून ते घाबरतात आणि चावायला पटकन धजावतात. डॅक्सहुंडची लांब पाठ चुकीच्या पद्धतीने उचललं की दुखावते, आणि मुलं तर कुत्र्याला पुढच्या दोन पायांना धरूनच उचलतात. पग आणि फ्रेंच बुलडॉग स्वभावाने मुलांना अगदी योग्य. पण चपट्या नाकामुळे श्वास पुरत नाही, उन्हात मुलांसोबत धावला तर जिवावर बेतू शकतं. कॉकर स्पॅनियल लाघवी, पण लोंबत्या कानांत सारखा संसर्ग होतो, आणि दुखरा कान ओढला की कोणताही कुत्रा उलटतो. दाल्मेशियनमध्ये जन्मजात बहिरेपणाचं प्रमाण जास्त असतं. ज्याला पाऊल ऐकू येत नाही तो जास्त दचकतो. घ्यायचा तर ऐकण्याची तपासणी झालेला घ्या.

पूडल लोकांना नखरेल वाटतो, माझ्या मते तो दुर्लक्षित आहे. मधल्या किंवा मोठ्या आकाराचा पूडल तल्लख असतो, केस कमी गाळतो, माणसाळतो. फक्त केस नियमित कापून घ्यावे लागतात. ग्रेट डेन, सेंट बर्नार्ड शांत आणि समजूतदार असतात, पण आयुष्य आठ-दहा वर्षांचं. मुलाला ऐन शाळेच्या वयात ताटातूट सोसावी लागते, याचा विचार करून ठेवा.

मिश्र किंवा गावठी कुत्र्यांत कागदावरचं काहीच लागू होत नाही, आणि मला ते बरंच वाटतं. तिथे लोक निदान समोरच्या कुत्र्याकडे बघतात तरी. तब्येतीने ती बऱ्याचदा चिवट असतात. पहिल्या तीन महिन्यांत माणसांचा हात लागला होता का, एवढं मात्र नक्की विचारा.

नर की मादी, यावर डोकं शिणवू नका.

पाचवी पायरी: पिल्लू बघायला गेल्यावर

पहिल्या खेपेला मुलांना नेऊ नका. मुलांनी एकदा पिल्लू छातीशी धरलं की तुमची निर्णयशक्ती संपली.

आधी आई बघा. पिल्लांची आई परक्या माणसाला बघून थरथरत असेल, कोपऱ्यातून भुंकत असेल, तर पिल्लांतही तो भित्रेपणा यायची शक्यता मोठी. "आई दुसरीकडे आहे" असं उत्तर आलं तर चहा न घेता निघा. मी एकदा निघाले नव्हते. रस्त्याच्या कडेला गाडीच्या डिकीतून काढून दाखवलेलं पिल्लू मी घेतलं, कारण ते फार केविलवाणं दिसत होतं. पुढची अकरा वर्षं दाराची बेल वाजली की ते पलंगाखाली जात होतं आणि तासभर निघत नव्हतं. प्रेमाने यातलं थोडं सुटलं, सगळं नाही. तेव्हा माझ्या घरात मुलं नव्हती हे नशीब.

आता किल्ल्यांची युक्ती. पिल्लं खेळत असताना, त्यांच्यापासून चार-पाच हात लांब, किल्ल्यांचा जुडगा जमिनीवर टाका. अंगावर नाही, जवळही नाही. आणि बघत राहा.

मैत्रिणीसोबत एक वेत बघायला गेले होते, सहा पिल्लं, सात आठवड्यांची. जुडगा पडला. दोघांनी मानही वळवली नाही, चपलेचा पट्टा फाडायचं काम चालू होतं. एक केकाटत कोपऱ्यात गेलं आणि आम्ही निघेपर्यंत तिथेच भिंतीला चिकटून होतं. दोघं आईच्या पोटाखाली. सहावी, तांबूस रंगाची, उडाली, दोन पावलं मागे सरकली, मान लांब करून हुंगलं, पुन्हा मागे झाली, मग येऊन जुडग्यावर पंजा मारला. किल्ल्या वाजल्या तशी परत दचकली. आणि मग कडी तोंडात धरून जुडगा फरफटवत निघाली. मैत्रिणीने तिला घेतलं. चपलेवाल्या दोघांत रग जास्त होती, ते रोज पळायला जाणाऱ्या कोणाकडे शोभले असते.

मग पिल्लाला छातीखाली आणि ढुंगणाखाली हात देऊन उचला, पाव-अर्धा मिनिट धरा. थोडं वळवळून सैल पडलं तर चांगलं. ताठच राहिलं किंवा चवताळून हाताला लागलं तर पुढचं बघा. या चाचण्यांनी पिल्लाचं भविष्य कळतं असं समजू नका, पुढच्या वर्षभरात तुम्ही काय करता यावर पुष्कळ असतं. टोकाचं भित्रं आणि टोकाचं उद्दाम तेवढं त्यांनी वगळता येतं, मुलांच्या घराला ते पुरे.

सहावी पायरी: मोठा कुत्रा बघायला गेल्यावर

आधी विचारा, का देताय? "वेळ मिळत नाही" हे उत्तर मोघम आहे, पुढे विचारा. कोणावर गुरगुरला का, कधी, तेव्हा काय चाललं होतं? खाताना जवळ गेलं तर? कोणत्या वयाची मुलं घरात होती? "मुलांचं सगळं सहन करतो हो, शेपूट ओढली तरी काही करत नाही" असं कौतुकाने सांगतील. मला हे ऐकून धास्ती वाटते. सहन करणारा एक दिवस थकतो. मला हवा असतो मुलांकडे आपणहून जाणारा, आणि कंटाळा आला की उठून दुसऱ्या खोलीत जाऊन पडणारा.

मुलाला भेटवाल तेव्हा मोकळ्या जागेत, कुत्रा पट्ट्यात, पट्टा सैल. मुलाने त्याच्याकडे जायचं नाही, त्याला येऊ द्यायचं. त्याचं सगळं शरीर सैल हलतंय का बघा, नुसती शेपूट नको. ताठ उभारलेली, झटक्याने हलणारी शेपूट खुशीची नसते. मान वळवणं, जिभेने ओठ चाटणं, झोप आलेली नसताना जांभई, डोळ्यांच्या कडेला पांढरं चंद्रकोरीसारखं दिसणं, या सगळ्याचा अर्थ "मला हे नको आहे". सगळ्यात वाईट म्हणजे एकदम थिजणं. तोंड मिटलं, हालचाल थांबली, नजर एका जागी अडकली, की मुलाला शांतपणे बाजूला घ्या आणि त्या कुत्र्याचा विचार सोडा.

दोन-तीन वेळा वेगवेगळ्या दिवशी भेटा. दोन आठवडे घरी ठेवून बघू का, असंही विचारा. खरं बोलणारा माणूस हो म्हणतो.

सातवी पायरी: डॉक्टर आणि घर

आणल्यापासून दोन-चार दिवसांत जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा. डिस्टेंपर, पार्वो वगैरे विषाणूंच्या आजारांवरच्या लशी सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होतात आणि तीन-चार आठवड्यांच्या अंतराने साधारण सोळा आठवड्यांपर्यंत चालतात. रेबीजची पहिली लस सहसा तीन महिन्यांनंतर. मुलांच्या घरात जंतनाशकाची तारीख चुकवू नका. पिल्लांच्या पोटात बहुधा गोल जंत असतात, अंडी विष्ठेतून मातीत जातात आणि मातीतले हात मुलांच्या तोंडात. ती अंडी बाहेर पडल्या पडल्या बाधत नाहीत, त्यांना तयार व्हायला काही आठवडे लागतात. म्हणून विष्ठा रोज उचलली तर धोका बराच घटतो. नसबंदी कधी करायची तेही डॉक्टरांशी याच भेटीत बोला.

घरात कुत्र्याची एक जागा करा, जिथे मुलांना मज्जाव. कोपरा, पिंजरा, टेबलाखालची गादी, काहीही चालेल. तो तिथे गेला म्हणजे त्याने दार लावून घेतलं, असं मुलांना सांगा. झोपलेल्याला उठवायचं नाही, खाताना जवळ जायचं नाही, तोंडातलं ओढायचं नाही, मिठी मारायची नाही. पाच वर्षांखालचं मूल आणि कुत्रा एका खोलीत असतील तर मोठं माणूस हात पोचेल इतक्या अंतरावर हवं. स्वयंपाकघरातून कान ठेवणं म्हणजे लक्ष ठेवणं नव्हे. मुलांच्या हातून सांडणाऱ्या वस्तूंत चॉकलेट, मनुका, द्राक्षं, कांदा आणि झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) घातलेलं बिनसाखरेचं च्युइंगम कुत्र्याला विषारी. यातलं काही त्याने खाल्लं की वाट न बघता डॉक्टरांना फोन.

आता गुरगुरण्याबद्दल. आमचा दुसरा कुत्रा, माझा भाचा तेव्हा तीन वर्षांचा. भाचा त्याच्या गादीवर जाऊन बसायचा, कुत्रा गुरगुरायचा, आणि माझे वडील "लहान मुलावर गुरगुरतोस?" म्हणून त्याला वर्तमानपत्राची गुंडाळी दाखवायचे. पंधरा दिवसांत गुरगुरणं बंद झालं. आम्ही खूश. मग एका दुपारी, काही आवाज न करता, तो भाच्याच्या गालाला लागला. जखम वरवरची होती, पण ती आमच्यामुळे झाली. घंटी वाजते म्हणून आम्ही घंटीच काढून टाकली होती. कुत्रा गुरगुरला तर रागावू नका, मुलाला उचला, आणि तो कशाला कावला होता ते शोधा.

दात लागलाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा, घड्याळ लावून, आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. घरच्या कुत्र्याला लशी दिलेल्या असल्या तरीही.

आणल्याचा दिवस

सुट्टीच्या आदल्या दिवशी, दुपारी आणा. शेजारीपाजारी, मुलांचे मित्र, कोणी नको. आधी बाहेर नेऊन शी-शू उरकवा, मग घर हुंगू द्या. पहिल्या रात्री पिल्लाची गादी तुमच्या पलंगाशेजारी ठेवा, रडायला लागलं तर हात खाली सोडता येतो.

मुलांना एवढंच काम द्या, की जमिनीवर बसा, हाका मारू नका, बोलावू नका. त्या तांबूस पिल्लाच्या घरी मैत्रिणीची सहा वर्षांची लेक चित्रांचं पुस्तक घेऊन भिंतीला टेकून बसली होती. पिल्लू सोफ्याखाली. वीस मिनिटं पानं उलटण्याचा आवाज तेवढा येत होता. मग ते पोटावर सरपटत निघालं, मध्ये दोनदा थांबलं, आणि येऊन तिच्या तळपायाला नाक लावलं. हात लावायचा नाही असं बजावलं होतं. तिने लावला नाही. पायाचा अंगठा मात्र हळूच हलवला.